कंबरदुखीसाठी व्हीगन व्हायचं म्हणताय? आधी ताटात काय आहे ते बघू

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४७, नागपुरात शाळेत शिक्षिका, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६८ किलो. तीन वर्षांपासून कंबर दुखते, एमआरआयमध्ये खालच्या मणक्यांत ‘डिस्क बल्ज’, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलेली, आला. घरी पूर्ण शाकाहार, अंडंही नाही. चहा, दही, ताक धरून रोज साधारण अर्धा लिटर दूध पोटात जातं. व्हीगन झाल्यावर, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं सगळं सोडल्यावर, पाठदुखी गेली असं सांगणारा व्हिडिओ मुलीनं पाठवला आणि येत्या श्रावणापासून दूधदुभतं बंद करायचं तुमच्या मनात आहे. मिस्टरही सोबत करायचं म्हणतात, त्यांना शुगर आहे आणि मेटफॉर्मिन चालू आहे. रात्री दोन्ही तळपाय झिणझिणतात, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मला त्या एका ओळीची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

सरळ उत्तर हवं असेल तर ते असं: नुसतं दूध बंद केल्यानं जुनी कंबरदुखी जाते, याला भरवशाचा पुरावा नाही. आहार बदलल्यानं कंबरेला आराम पडू शकतो, हे मात्र खरं आहे. पण तुमच्या बाबतीत तो बदल दुधापासून सुरू करण्यात अर्थ नाही.

आहाराकडे वळण्याआधी एक खातरजमा करा. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, संध्याकाळी अंगात बारीक ताप, कारण नसताना वजन उतरणं, झोपल्यावरही न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, यातलं काहीही असेल तर आहाराचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. पहिल्या दोन गोष्टींसाठी तर त्याच दिवशी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास, तास कंबर आखडलेली आणि हालचाल केल्यावर मोकळी, असा त्रास चाळिशीच्या आत सुरू झाला असेल तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.

एमआरआयमधल्या ‘बल्ज’नं घाबरून जाऊ नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले, तरी चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांत डिस्क अशी फुगलेली दिसते. जुन्या कंबरदुखीतल्या बहुतेकांमध्ये नेमकं बिघडलेलं असं एक ठिकाण बोट ठेवून दाखवता येत नाही. वजन, झोप, ताण, दिवसभराची बैठक, स्नायूंची ताकद अशा अनेक गोष्टींचा तो मिळून झालेला परिणाम असतो. आहाराला या साखळीत जागा आहे ती प्रामुख्यानं वजनाच्या वाटेनं. पोटाभोवतीची चरबी कंबरेवर नुसता भार टाकत नाही, शरीरातला दाह वाढवणारी द्रव्यंही रक्तात सोडते. तुमच्या उंचीला ६८ किलो जास्तच आहे. चार-पाच किलो सावकाश उतरले तर फरक जाणवण्याची शक्यता चांगली आहे.

आता त्या व्हिडिओबद्दल. व्हीगन आहारानं दुखणं कमी झाल्याचे जे अनुभव ऐकू येतात, ते बहुतेक अमेरिका-युरोपातले असतात. तिथल्या माणसाच्या ताटातून रोजचं मांस, सॉसेज, चीज, मैद्याचे पदार्थ गेले आणि त्याजागी डाळी, भाज्या, अख्खी धान्यं आली, म्हणजे त्याचं ताटच मुळापासून बदललं. चोथा वाढला, वजन उतरलं, मग दुखणंही कमी झालं तर नवल नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट स्नायू-सांधेदुखी असलेल्यांनी आठ आठवडे वनस्पतिजन्य आहार घेतला आणि त्यांचं दुखणं कमी झालं. पण तो अभ्यास अगदी मोजक्या लोकांवर होता आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे श्रेय आहाराचं की उतरलेल्या वजनाचं हे त्यातून ठरत नाही.

तुमचं तसं नाही. वरण, भाकरी, भाजी, चून (पिठलं), उसळ हे तुम्ही आधीपासून खाता. तुमचं ताट नव्वद टक्के व्हीगन आहेच. उरलं फक्त दूध. आणि दूध-दह्यानं शरीरातला दाह वाढतो, असं माणसांवरच्या चाचण्यांमधून दिसलेलं नाही. दूध पचत नसेल, प्यायल्यावर पोट फुगत असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे दूध सोडून तुम्हाला मिळणार थोडं आणि जाणार बरंच.

काय जाणार, त्याचा हिशेब करू. अर्ध्या लिटर दुधातून साधारण ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोळा ग्रॅम प्रथिनं मिळतात. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था सांगते. तुमच्यासाठी म्हणजे ५६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आणि तिसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्व. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण डाळ, धान्य, भाजी, फळ यांत ते नसतंच. अंडं-मांस न खाणाऱ्याला ते मिळतं फक्त दूधदुभत्यातून. त्यातही आपण दूध सकाळी तापवतो, संध्याकाळी पुन्हा तापवतो, मग चहात उकळतो. दर वेळी त्यातलं काही बी-१२ नष्ट होतं. त्यामुळे रोज दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसाचंही बी-१२ कमी निघणं ही माझ्या कामातली रोजची बाब आहे.

म्हणूनच तुमच्या तळपायांबद्दल विचारते. कंबरेतून निघणारी नस दबली, ज्याला सगळे सायटिका म्हणतात, तर कळ सहसा एकाच पायात, कुल्ल्यापासून खाली पोटरीपर्यंत उतरते. दोन्ही तळपायांत सारखीच झिणझिण, मोजा चढतो तेवढ्या भागात मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, सारखा थकवा, विसरायला होणं, ही बी-१२ कमी असल्याची लक्षणं असू शकतात. कंबरदुखीचा रिपोर्ट हातात असला की पायातली प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकली जाते आणि ही कमतरता वर्षानुवर्षं तशीच राहते. फार काळ राहिली तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. डाळी आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं आणखी एक जीवनसत्त्व, छान मिळतं. त्यामुळे बी-१२ कमी असूनही हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं. ‘रक्त बारा आहे, काळजी नको’ या बोलण्यावर विसंबू नका. बी-१२ वेगळं तपासून घ्या आणि ते गोळ्या सुरू करण्याआधी. कंबरेच्या गोळीसोबत रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारखी औषधं दीर्घकाळ घेतली की अन्नातलं बी-१२ कमी शोषलं जातं. तपासणीत ते कमी निघालं तर उपचाराचा डोस डॉक्टर ठरवतील, कधी इंजेक्शनंही लागतात. ते भरून आल्यावर, व्हीगन राहायचं असेल तर रोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी कायमची धरून चाला. यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. आंबवलेल्या पदार्थांतून, स्पिरुलिनातून किंवा न धुतलेल्या भाजीतून बी-१२ मिळतं, ही समजूत सोडून द्या.

दुसरी तपासणी ड जीवनसत्त्वाची. नागपूरचं ऊन जगजाहीर, तरी इथे हे कमी निघतं, कारण आपण उन्हात असतोच कुठे? मे महिन्यात दुपट्टा, हातमोजे, सनकोट घालून गाडीवर आणि उरलेला दिवस कूलरसमोर. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण फारच कमी असतात. थंडीच्या दिवसांत दहा-अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून वीस मिनिटं गच्चीवर बसणं जास्त कामाचं. ड फार कमी झालं तर हाडं मऊ पडतात आणि कंबर, कुल्ले, मांड्या ठणकतात. हे दुखणं औषधानं बरं होणारं आहे, ते डिस्कच्या नावावर खपवायला नको. पण ६०,००० युनिटची पाकिटं मनानंच महिनोन्‌महिने घेऊ नका. ड जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

तुमच्या वयात हाडांचा विचार अधिकच करावा लागतो. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत हाडांची झीज वेगानं होते. इंग्लंडमध्ये जवळपास ५५,००० लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांसाहारी लोकांपेक्षा व्हीगन लोकांत एकूण हाड मोडण्याचा धोका ४३ टक्के जास्त आणि खुब्याचं हाड मोडण्याचा दुपटीहून अधिक आढळला. कमी वजन, कमी कॅल्शियम, कमी प्रथिनं ही त्यामागची काही कारणं. याचा अर्थ व्हीगन आहार वाईट असा नाही. दुधाची जागा मोकळी सोडली तर त्याची किंमत हाडं चुकवतात, असा आहे.

मग सुरुवात कुठून करायची? आपल्याकडचे तर्री पोहे, समोसा, आलूबोंडा, साखरेचा कोरा चहा, कितीतरी बिस्किटं हे सगळं व्हीगनच आहे. म्हणून मी आधी दूध नाही, तेल-साखर-मैदा बघते. घरात महिन्याला तेल किती येतं ते मोजा. माणशी अर्धा किलोच्या वर जात असेल तर तिथेच वजनाचं उत्तर आहे. तर्री, चुनावरचं तेल, भाजीचा कट हे सणावारी ठेवा. शाळेतून आल्यावर चहासोबत जे तळलेलं खाल्लं जातं, त्याजागी मूठभर फुटाणे आणि एक संत्रं घ्या. गव्हाच्या पोळ्या कमी करून ज्वारीची भाकरी वाढवा. हे आपल्या आजींचंच जेवण आहे आणि वजनासाठी ते कुठल्याही आयात केलेल्या पावडरीपेक्षा मला जवळचं वाटतं.

जवसाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ते आपल्या विदर्भाचं धन आहे. सावजी स्वयंपाक पूर्वी जवसाच्या तेलात व्हायचा, आपल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयानं जवसाचे वाण काढलेत आणि आपणच ते विसरत चाललोय. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमहून जास्त ओमेगा-३ मिळतं. अख्खं जवस न पचता बाहेर पडतं, म्हणून मंद भाजून, कुटून चटणी करा आणि आठवड्याला पुरेल एवढीच करा, कारण कुटलेलं जवस लवकर खवट होतं. यातलं ओमेगा-३ माशातल्या ओमेगा-३ मध्ये शरीर फार थोड्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे जवस खाऊन कंबरदुखी थांबेल असं वचन मी देणार नाही. पण दोन्ही जेवणांत एक चमचा जवसाची चटणी असावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

प्रथिनांत शाकाहारी घरं नेहमी मागे पडतात. वरण म्हणून जे वाढलं जातं त्यात पाणीच जास्त असतं. वाटीभर घट्ट वरण दोन्ही वेळा, एका वेळी मोड आलेली मटकी किंवा मूग, हिवाळ्यात तुरीचे सोले, कधी मुंगवड्यांची भाजी, असं धरा. सोयाबीन आपल्या चारी बाजूंना शेतात उभं असतं, पण घरात कुणी खात नाही. तीस ग्रॅम सुक्या सोयावड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तुमच्या अर्ध्या लिटर दुधाएवढी. सोयाबीन कच्चं दळून पिठात घालू नका, त्यातले काही घटक प्रथिनांचं पचन अडवतात. भिजवून, उकळून, वाळवून, भाजून मग दळणात घाला, आठ वाट्या गव्हाला एक वाटी. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा. आणि डाळी वाढवायच्या म्हणून लाखोळीच्या डाळीवर भर देऊ नका. फार दिवस मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, त्यामुळेच १९६१ मध्ये बहुतेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली होती. जुन्या भंडाऱ्या-गडचिरोलीकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि पालेभाज्या. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे एका भाकरीतून पावणेदोनशे. न सोललेल्या तिळात तर शंभर ग्रॅमला हजाराच्या वर, पण ते सगळं अंगी लागत नाही. तरी दोन चमचे भाजलेले तीळ रोज हवेत. शेवग्याचा पाला पालकापेक्षा कितीतरी सरस. पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झॅलेट या घटकामुळे बांधलेलं असतं, अंगी लागत नाही. दूध खरंच सोडलंत तर कॅल्शियम घातलेलं सोया दूध रोज एक पेला घ्या. बदामाचं दूध म्हणून मिळतं त्यात प्रथिनं नावालाच असतात.

माझा सल्ला असा की श्रावणाची तारीख धरू नका. पहिले आठ आठवडे दूध आहे तेवढंच ठेवून बाकी सगळं बदला. दर रविवारी तीन गोष्टी वहीत लिहा: आठवड्यात दुखणं दहापैकी किती होतं, न थांबता किती मिनिटं चालता आलं, वेदनाशामक गोळ्या किती लागल्या. मग बी-१२ सुरू झालेलं असताना आणि सोया, तीळ, नाचणी ताटात बसलेली असताना चार आठवडे दूधदुभतं पूर्ण बंद करा. आकडे खाली आले तर परत दोन आठवडे दूध सुरू करून बघा. दुखणं पुन्हा वाढलं तर दूध तुम्हाला सोसत नाही असं मानायला जागा आहे. काहीच फरक पडला नाही, तर कंबरेसाठी दूध सोडायची गरज नाही. प्राण्यांच्या कळवळ्यानं सोडायचं असेल तर तो निर्णय मी मनापासून मानते आणि त्यासाठी वरचा सगळा बंदोबस्त करून देईन. पण त्याला औषध म्हणू नका. सगळं एकदम बदललं तर कशानं काय झालं ते कळत नाही, म्हणून याच काळात नवा पट्टा, नवं तेल, नवा काढा सुरू करू नका.

चोथा हळूहळू वाढवा. एकदम उसळी आणि भाकऱ्या वाढवल्या की पोट फुगतं, आणि पाणी कमी पडलं तर शौचाला जोर करावा लागतो, त्यानं कंबर आणखी दुखते. उसळ भिजवलेलं पाणी टाकून द्या, शिजवताना ओवा-हिंग घाला.

आणि चालणं. आहाराच्या उत्तरात हे का, असं वाटेल, पण जुन्या कंबरदुखीत हालचालीइतका पुरावा आहाराच्या बाजूनं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम आणि स्वतःच्या दुखण्याची नीट माहिती यांची शिफारस आहे, कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) मात्र सरसकट नको म्हटलंय. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला ७०१ लोकांचा अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, तेव्हा निम्म्या लोकांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले. न चालणाऱ्या गटात हाच आकडा ११२ दिवस होता. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा. फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, जे जवळ असेल ते. आठवड्यातले पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत न्या. थोडं दुखलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवं.

घरच्यांचं काय, हेही विचारलंत. सासूबाईंना पुरणपोळीवर तूप नको म्हणणं जड जातं, हे मी समजू शकते. चार आठवड्यांचा तो प्रयोग सोडला तर सणाचं तूप, पूजेचं पंचामृत यानं कंबरेचं काही बिघडत नाही. गोळाभात, वडाभात, पाटोडी, भरीत, अंबाडीची भाजी हे तसंही दुधाशिवायच होतं. चहा सोया दुधाचा फाटतो म्हणून लोक वैतागतात. चहा गाळून थोडा निवू द्या, मग कोमट सोया दूध घाला. जेवणासोबत चहा मात्र नको, त्यानं लोह कमी शोषलं जातं. उलट वरणावर लिंबू पिळा.

तुमच्या मिस्टरांनी तुमच्यासोबत आहार बदलणं चांगलंच आहे, पण त्यांच्याबाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मेटफॉर्मिननंही बी-१२ कमी होतं, त्यामुळे दूध सोडणं आणि ही गोळी असं दोन्ही एकत्र आलं तर त्यांना तुमच्याआधी त्रास होऊ शकतो. तुमच्यासोबत त्यांचीही तपासणी करा. दुसरं, तेल-साखर-मैदा कमी झाला की शुगर खाली येते. मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइडसारखी दुसरी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ती एकदम फार उतरू शकते. म्हणून सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा, पहिले तीन-चार आठवडे घरी ग्लुकोमीटरवर वारंवार शुगर बघा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर प्रथिनं आणि पालेभाज्या किती हे त्यांचे डॉक्टर ठरवतील, वर दिलेली मापं त्यांच्यासाठी नाहीत.